मन्मथची बरणी

खबर आली तेव्हा मी गच्चीवर हरभऱ्याचं बी उन्हात घालत होतो. नांदेडहून फोन होता, मन्मथच्या बायकोचा, शोभाचा. "दाजी, हे गेले," ती बोलली. कॉलेजच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आली आणि तिथंच बसला म्हणे. मी फोन खिशात घातला, राहिलेलं बी पसरून घेतलं आणि मग खाली येऊन बायकोला सांगितलं. मन्मथ माझ्या बायकोचा, शिवगंगाचा, धाकटा भाऊ. ती भिंतीला धरून खाली बसली. मी रडलो नाही. खोटं कशाला सांगू... दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि मेला म्हणून माणूस गोड होतो हे मला कबूल नाही. पेपरच्या पुरवणीत मी वाचत असतो, जो गेला तो देवमाणूस. जिते असताना ही सगळी देवमाणसं कुठं दडून बसतात काय माहीत. मी चौथी शिकलेला, रेणापूरच्या बाजूचा शेतकरी, पंच्याहत्तरीचा. गोड लिहायची मला सवय नाही. मन्मथनं माझी एक गोष्ट मला न विचारता उचलली आणि परत न देता गेला. ती परत मागण्यासाठी हे लिहायला बसलोय.

त्याला माती दिली शिरूर अनंतपाळच्या बाजूला, त्याच्या वडिलांच्या शेतात. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्ड्यात मांडी घालून बसवला होता. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, भोवती बेलाची पानं आणि मीठ. जंगम मंत्र म्हणत होते आणि मी काठावर उभा राहून त्याच्या पोटाकडं बघत होतो. त्याचंच एक बोलणं डोक्यातून जाईना. "दाजी, माणूस मेला की श्वास बंद, रक्त बंद. पर पोटातले माझे दोस्त लगेच मरत न्हाईत. हवा न्हाई म्हणून त्यांचं काय अडतंय? त्यांना हवा कधी पायजेच नव्हती." तेव्हा मी त्याला म्हणलो होतो, तुझ्या जिभेला हाड न्हाई. आता वरून माती पडत होती, आणि त्या एवढ्या मोठ्या माणसात काही जागं राहिलं असेल तर तेच... मी माझी मूठभर माती टाकली आणि सगळ्यांच्या आधी जीपमध्ये येऊन बसलो.

त्याचे हे दोस्त म्हणजे माणसाच्या आतड्यात राहणारे जंतू. नांदेडच्या कॉलेजात तो जंतूंचं शास्त्र शिकवायचा, आणि सगळ्या दुनियेतले जंतू सोडून ह्याला आवडले कोणते, तर ज्यांना वाराच सोसत नाही ते. आपण पाण्याखाली गुदमरतो तसे ते हवेत गुदमरतात. जिथं हवा पोचत नाही तिथं गर्दी करून राहतात, आणि माणसाच्या मोठ्या आतड्यासारखी बिनहवेची जागा दुसरी नाही. आपण पचवू शकत नाही तो कोंडा, साल, भाजीचा दोरा ते आंबवून खातात. त्यातून जे आंबट रस निघतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. आईच्या पोटातून बाहेर येताना पहिले काही आईकडून मिळतात, मग एका घरात, एका हंड्याचं पाणी पिणाऱ्यांत वाटले जातात. हे मला शाळेनं शिकवलं नाही. त्यानं शिकवलं, मी नको नको म्हणत असताना.

आणि म्हणे ही आवड त्याला माझ्यामुळं लागली! माझ्या लग्नात तो सात वर्षांचा होता. पुढं लातूरला कॉलेजात गेला तेव्हा सुट्टीला माझ्याच घरी यायचा. आमच्या अंगणात तेव्हा पेव होतं. जमिनीत रांजणासारखं खणलेलं, आत जोंधळा भरायचा, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. उघडायच्या दिवशी मी कंदील दोरीला बांधून आत सोडला. निम्म्यात गेला आणि विझला. मी म्हणलो, थांब, खाली हवा मेलेली हाय, आत्ता उतरलास तर वर येणार न्हाईस. कडेच्या जोंधळ्याचा आंबूस वास वर येत होता. मन्मथ पेवाच्या तोंडाशी पालथा पडून हुंगत म्हणला, "दाजी, दिवा विझतो तिथं हा वास कोण करून राहिलंय?" मी म्हणलो, "तुझा बाप. दोरी धर." झालं एवढंच होतं. पण चाळीस वर्षांनी नांदेडला त्याचा सत्कार झाला तेव्हा भर सभेत उभा राहून म्हणला, माझे पहिले गुरू माझे दाजी, त्यांनी मला पेव दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी त्याला पेवाची भीती शिकवली होती. ह्यानं पेवाच्या घाण वासावर नोकरी केली, आणि वर माझं नाव लावतोय.

कुठं काय बोलावं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात उदगीरचे व्याही पंगतीला बसलेले. भारी माणसं, अडत दुकानवाले. हा वाढता वाढता त्यांना म्हणतो, "सावकार, तुम्ही एकटे जेवून ऱ्हायलात असं समजू नका. आत लई मोठी पंगत बसलीय." आणि मग डाळीचं काय होतं, गॅस कोण करतं, शिळ्या भाकरीवर कोण खूश होतं, सगळं. व्याह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मी त्याला बाजूला ओढला आणि म्हणलो, "भाड्या, बेइज्जती करायला आलास का?" तर हसतोय. "दाजी, खरं सांगितलं की तुम्हाला बेइज्जती का वाटते?" हा त्याचा प्रश्न. हा तेव्हापासून मला चावत आलाय.

पुढं तो गावोगाव बरण्या घेऊन फिरायला लागला. काचेच्या, रुंद तोंडाच्या, झाकणाला रबर आणि तारेची कडी. आत एक लहान पुडी टाकायचा, ती बरणीतली हवा खाऊन टाकते म्हणे. लोकांकडून शौचाचा नमुना मागायचा, लेकाचा, हात जोडून, जसं भिक्षेला आलाय. गाव हसायचं. पारावर लोक मला विचारायचे, "मेव्हणे आले काय, डबा घेऊन?" आणि सगळ्यात आधी तो मागायला कोणाच्या दारात यावा? माझ्या. "दाजी, तुम्ही जन्मात गोळी खाल्ली न्हाई. तुमच्यासारखं पोट आता सापडत न्हाई." मी म्हणलो, "माझ्या घरी जेवलास, राहिलास, आता माझा गू मागून राहिलास? नीघ." तो गेला. पुढच्या महिन्यात परत आला. मी परत हाकलला.

मग तीन वर्षांखाली शिवगंगाचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन लातूरला झालं. जखमेत पू झाला म्हणून लई जोरदार औषधं द्यावी लागली. जखम भरली आणि हगवण लागली. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा. औषध दिलं की थांबायची, औषध बंद केलं की आठ दिवसांत परत. असं तीनदा झालं. अंगावर मांस राहिलं नाही. पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी तिला उचलून न्यायचो तेव्हा वाटायचं, रिकामं पोतं उचलतोय.

मन्मथ नांदेडहून आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला बाकावर बसवून म्हणला, "दाजी, समजा रानात तणनाशक जास्त झालं. पीक जळालं, गवत जळालं. मागं काय ऱ्हातं?" मी म्हणलो, "लव्हाळा. त्याची गाठ खाली असते." म्हणला, "तसंच झालंय. औषधानं अक्काच्या पोटातलं चांगलं पीक जळालं. एक वाईट जात हाय, तीबी बिनहवेचीच, पर तिचं बी टणक कवचाचं. औषधानं मरत न्हाई, वाळून मरत न्हाई. रान मोकळं दिसलं की उगवते. आता औषध किती मारणार? रानच परत पेरावं लागतंय." मी विचारलं, बी कुठून आणणार. तर माझ्याकडं बघत बसला... पोटाच्या डॉक्टरचंही तेच म्हणणं होतं. घरातल्या निरोगी माणसाचा नमुना घ्यायचा, मिठाच्या पाण्यात कालवून गाळायचा, आणि नळीनं तिच्या आतड्यात सोडायचा.

मी तीन दिवस नाही म्हणलो. आज लोक मला अडाणी म्हणतील, म्हणू द्या. जी बाई अंघोळ केल्याशिवाय गळ्यातल्या लिंगाला हात लावत नाही, तिच्या अंगात मी माझी घाण सोडू? मन्मथ तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणला, "दाजी, तुमचा मान मोठा का माझी अक्का?" माझा हात उठला होता. तेवढ्यात खाटेवरून ती बोलली. आवाज निघत नव्हता, तरी बोलली. "मनू, वाद घालू नगंस. जन्मभर ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवले. आता आणखी काय उष्टं ऱ्हायलंय? करा म्हणावं." मन्मथ एवढ्यानं हसला की नर्स धावत आली. मी हसलो नाही. पण हो म्हणलो.

माझ्या रक्ताच्या, शौचाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. एक रोग निघाला नाही. दवाखान्यात द्यायला मी तयार नव्हतो. तिथं चार माणसं दाराबाहेर वाट बघत उभी असली की होत नसतं. मग ठरलं, पहाटे घरी द्यायचं, बरणी लगेच बंद करायची आणि तडक लातूर गाठायचं. मन्मथनं मला दहा वेळा बजावलं, "दाजी, एकदा कडी लावली की झाकण काढू नका. त्यांना वारा लागला की मेले."

आता जे लिहितो ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी बरणी बंद केली आणि ओट्यावर ठेवली. जीप यायला वेळ होता. काचेतून ते दिसत होतं. मनात आलं, हे कोंडलेलं, आंबलेलं तिच्या अंगात जाणार. आणि तो म्हणला होता, हे बी हाय, रान पेरायचंय. मी साठ वर्षं बी पेरत आलोय. माझ्या बापानं मला एकच शिकवलं, ऊन दाखवल्याशिवाय बी पेरू नये. कोंदट असलेलं बी कीड धरतं, बुरशी धरतं. ऊन आणि वारा लागला की शुद्ध होतं. हरभरा असू द्या, तूर असू द्या, मी आजवर मुठीतलं एक बी ऊन न दाखवता मातीत टाकलेलं नाही. मन्मथचे शब्द ऐकले होते, पण हात साठ वर्षांचे होते... मी कडी काढली. दिवस वर आला तशी बरणी उन्हात ठेवली. कडुलिंबाची काडी पानासकट तोडली आणि खालून वर ढवळलं, सगळ्याला वारा लागावा म्हणून. जीप उशिरा आली. दीड-दोन तास उन्हात राहिलं असेल. मग परत झाकण लावून मी लातूरला घेऊन गेलो आणि दोन्ही हातांनी डॉक्टरच्या हाती दिलं. मला वाटत होतं, मी चांगलंच केलंय.

आठव्या दिवशी हगवण परत सुरू झाली. ह्या वेळी ताप होता, ती ओळख देत नव्हती. डॉक्टरनं पोरांना बोलावून घ्या म्हणलं. मन्मथनं त्या नमुन्यातला थोडा नांदेडला नेऊन जंतू वाढतात का ते बघितलं होतं, एकही वाढला नव्हता. तो आला, मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेला आणि हळू विचारलं, "दाजी, झाकण काढलं होतं का?" मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणलो, "न्हाई." तो म्हणला, "त्यात लिंबाचं पान होतं, दाजी."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडायलाच पाहिजे होतं. तो आत गेला. माझा थोरला पोरगा महेश, डॉक्टर, सून, सगळे उभे होते. त्यांच्यापुढं मन्मथ म्हणला, "चूक माझी हाय. बरणीचं रबर जुनं होतं. मी बघून घ्यायला पायजे होतं." महेश त्याच्या अंगावर धावून गेला. "मामा, माझ्या आईवर प्रयोग करून ऱ्हायलात का तुम्ही?" लई वाईट बोलला. शिव्या दिल्या. मन्मथ खाली मान घालून उभा. आणि मी दारात उभा होतो, माझं तोंड शिवल्यासारखं.

दुसऱ्या वेळी तो आदल्या दिवशीच घरी येऊन राहिला. दोन बरण्या आणल्या, एक जास्तीची. सकाळी संडासाच्या दाराबाहेर उभा राहिला, मी बाहेर येताच बरणी माझ्या हातातून घेतली, आणि लातूरपर्यंत मांडीवर धरून बसला, तान्हं लेकरू धरावं तशी. मी चोर असल्यासारखा माझ्यावर पहारा! ती जीपमधली वाट मी विसरलेलो नाही. चौथ्या दिवशी शिवगंगानं डोळे नीट उघडले आणि येसराची आमटी आणि भाकरी मागितली.

गावात नाव कोणाचं झालं? माझं. दाजीनं बायकोला वाचवलं. आणि मन्मथ? त्यानं आधी घोळ घातला होता, तो. महेशनं त्याला पुढं कुठल्या कार्याला बोलावलं नाही. मी रोज वाट बघायचो, आज हा खरं सांगेल, उद्या सांगेल. सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, खोटं म्हणलो असतो, कदाचित शेवटी कबूल केलं असतं. तो गप्प राहिला. त्याचा गप्पपणा माझ्या घरात येऊन बसला, माझ्या ताटाशेजारी. मला कुणी असं झाकून घेतलेलं चालत नाही. मी काय लहान पोर आहे? माझी चूक पेलायला माझे खांदे नव्हते का? शेवटी नातवाच्या बारशाला तो आगंतुक आला आणि माझ्या पाया पडला नाही, एवढ्यावरून मी भांडण काढलं आणि बोलणं तोडलं. एकदा त्याचा फोन आला. "दाजी, अजून राग हाय का?" मी म्हणलो, "कसला राग? मी काय केलंय?" आणि ठेवून दिला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

त्याला जाऊन महिना झाल्यावर मी एकटाच नांदेडला गेलो. त्याच्याबरोबर शिकवणाऱ्या शबाना मॅडमनी मला त्याची खोली दाखवली. काचेची एक पेटी होती, तिला दोन लांब हातमोजे जोडलेले, आत हवा नाही. ह्या मोज्यांत हात घालून तो तासन् तास बसायचा म्हणे. मग त्यांनी एका कपाटाचं दार उघडलं, आतून धुरासारखी थंडी आली. एका खोक्यात बोटाएवढ्या नळ्या, आणि एका रांगेवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी, "दाजी". मॅडम म्हणल्या, "ये सरांचे सगळ्यात लाडके. बाकीचे वाढायला नखरे करतात, तुमचे लई चिवट." दुसऱ्या वेळच्या नमुन्यातले त्यानं जपून ठेवले होते. मी बोलत नव्हतो तेव्हाही तो मला तिथं थंडीत सांभाळत होता. मला विचारलं होतं का?

मी म्हणलो, पहिल्या वेळची वही दाखवा. सगळ्या नमुन्यांच्या नोंदी तो एका मोठ्या जाड वहीत करायचा. मन्मथ कुणाशीही कसाही वागला असेल, वहीत खोटं लिहायचा नाही. बियाण्याची थैली जशी आम्ही कधी अदलाबदल करत नाही, तशी त्याची वही. मॅडमनी पान काढून वाचून दाखवलं. पहिला नमुना, वाढ नाही. कारण, बरणीचं रबर जुनं, चूक माझी.

वहीतसुद्धा! अरे, तिथं तरी खरं लिहायचं होतंस. तिथं कोण होतं वाचायला? माझ्यापायी तू तुझी वही बाटवलीस... मी मॅडमना म्हणलो, पेन द्या. त्या म्हणल्या, चाचा, यात बाहेरच्यानी लिहायचं नसतं. मी म्हणलो, मी बाहेरचा न्हाई, तो नमुना माझा हाय. आणि त्या ओळीखाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं. झाकण मी काढले. ऊन दाखविले. लिंबाच्या काडीने ढवळले. मन्मथची चूक नाही. खाली सही केली. मॅडमनी वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

घरी येऊन शिवगंगाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातला खडा वेचून टाकला आणि म्हणली, "मला आत्ता सांगून काय उपेग? त्याला सांगायचं होतं." मग सूप बाजूला ठेवून उठली आणि पाठ करून चुलीपाशी बसली. महेशला मी तोंडानं सांगितलेलं नाही. तो ही पुरवणी वाचतो. महेश, वाच. तू मामाला ज्या शिव्या दिल्यास त्या तुझ्या बापाच्या होत्या.

मन्मथ, मला तुझी दया नको होती. अजूनही नको. माझी चूक माझी होती, ती घेतली मी परत.

ती जास्तीची बरणी आमच्या फळीवर आहे. त्यानं घरातून निघताना स्वतःच्या हातानं आत पुडी टाकून कडी लावली होती, लागली तर असू द्या म्हणून. लागली नाही. सून एकदा लोणचं घालायला म्हणून घेत होती, मी तिच्या हातातून काढून घेतली. दर आठ दिवसांनी मी फळी पुसतो, बरणी उचलतो, रबर बघतो आणि परत ठेवतो. आत काही नाही, हवासुद्धा नाही. हिचं झाकण मी काढलेलं नाही.